शंका होय तो अंदर

आधी समोरच्याला चांगले चेंडू द्यायचे.
पाच मिनिटं, हळू, त्याच्या हातात येतील असे,
जसं पाहुण्याला आधी पाणी.
मग हरवायला लागायचं.

रॅकेट भोवऱ्यासारखी फिरवून पडू द्यायची,
मुठीवरचं अक्षर सुलटं की उलटं.
जिंकेल त्याने सर्व्हिस मागावी किंवा बाजू,
दोन्ही मागू नये.

आमच्या कोर्टाचं एक टोक विश्वामित्रीकडे.
नदीकडे तोंड केलं की सकाळी सातला डोळ्यांत सूर्य,
म्हणून पहिल्या गेमनंतर, मग तिसऱ्या, पाचव्या,
बाजू बदलायची. ऊन वाटून घ्यायचं.
एक नियम फक्त बडोद्याचा, कुठे छापलेला नाही:
कुंपणावरून नदीत गेलेला चेंडू नदीचा.
मगरींशी वाद घालत नाहीत.

पंधरा, तीस, मग चाळीस.
पंचेचाळीस का नाही, विचारलं तर रायसिंग राठवा
चुन्याची बादली खाली ठेवून म्हणायचा,
‘पाच कुणीतरी खाल्ले, बेन. साहेबलोकांचा खेळ.’

चेंडू जाळीच्या पट्टीला लागून
कसाबसा पलीकडे पडला, तर हात वर करून सॉरी म्हणायचं.
पॉइंट मात्र परत द्यायचा नाही.
हे मला समजायला वर्षं लागली;
आमच्या घरातले पुरुष जन्मतःच जाणत होते.

आणि पंच नसेल तेव्हा
(पंच कुठला, त्याच्या खुर्चीवर माळ्याचा पाइप वाळत असायचा)
आपल्या बाजूच्या रेषा आपण सांगायच्या.
समोरचीने मान्य करायचं.
नीट दिसलं नाही, तर तिचा पॉइंट.
राठवा आम्हा पोरींना एवढंच शिकवायचा,
बॅकहँड ज्याचा त्याने बघावा.
‘शंका होय तो अंदर.’

एकोणऐंशीचा डिसेंबर, सेमीफायनल.
जागृती पंड्या. दोन वेण्या, भावाचे बूट,
आणि मॅच पॉइंट तिचा.
चेंडू खोल आला, बेसलाइनवर,
चुना उडाला. चिमूटभर.
मला शंका नव्हती.
मी बोट वर केलं. आउट.

सर्व्हिस करणाऱ्यानेच गुण मोठ्याने सांगायचे असतात.
म्हणून तिलाच म्हणावं लागलं, ‘ड्यूस.’
माझ्याकडे न बघता म्हणाली,
चेंडू दोनदा आपटला आणि खेळली.
कुंपणाबाहेरच्या माणसाने बोलायचं नसतं.
राठवा कुंपणाबाहेर उभा होता.
मी ती मॅच जिंकले. जाळीवरून हात मिळवला.
तिचा हात ओला होता, माझा कोरडा.

दुसऱ्या दिवशी राठवाने मला बादली दिली, सुतळी दिली.
कोर्टाच्या सगळ्या रेषा, ओणवी होऊन, उन्हं चढेपर्यंत.
त्याने कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आता दर मंगळवारी आम्ही दोघी खेळतो.
तिचा गुडघा बदललेला,
माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय.
आता मला खरंच शंका असते, प्रत्येक चेंडूची,
म्हणून सगळे आत.
परवा एक हातभर बाहेर पडला, मी ओरडले, सुरेख!
जागृती रॅकेटवर रेलून हसायला लागली.
‘अरे, ए तो बहार हतो!’
‘बाजू माझी,’ मी म्हटलं. ‘मी सांगेन ते.’
ती हसायची थांबली. बाटली उघडून पाणी प्यायली.
पंचेचाळीस वर्षं झाली,
तिला आठवतं का, ते मी विचारलेलं नाही.

शेवटचा नियम, खेळून झालं की कोर्ट झाडायचं.
गोणपाट ओढत कडेकडेने गोल गोल आत,
चेंडूंचे वण मातीत मिटेपर्यंत.
हल्ली राठवाचा नातू ओढतो, कानात गाणी घालून.
बेसलाइनपाशी आला तेव्हा मी हात करून त्याला थांबवलं.
त्याने एक कान मोकळा केला.
‘कंई पडी गयुं, बेन?’
काही नाही, म्हटलं. ओढ.